फाल्गुनात गळ घरी ठेवा, शिसं घेऊन तलावावर जा

ठाण्यातल्या तलावांवर गळ टाकणाऱ्यांनी फेब्रुवारीच्या अखेरीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे आठवडे जागा हेरण्यासाठी राखून ठेवावेत. पाणी उतरत असतं, त्यामुळे काठाचा उतार, दगडी बांधाचा पाया, नाल्याचं तोंड असं सगळं दिसू लागतं. पावसाळ्यात ते पुन्हा बुडणार, म्हणून आत्ताच टिपून ठेवायचं.

त्याआधी तलावावरची पाटी वाचा. मासेमारीला परवानगी आहे का, ठेका कुणाकडे आहे, हे विचारूनच पुढे जा. येऊरच्या जंगलातल्या पाणवठ्यांकडे तर वळूच नका, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

सामान थोडंच लागतं: रॉड, तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, तिच्यावर सरकणारा तरंगता फ्लोट आणि टोकाला बांधायचं चपट्या बुडाचं २० ते ३० ग्रॅमचं शिसं. गळ नकोच. गळ लावला की लक्ष माशाकडे जातं आणि तळ वाचायचा राहून जातो. काठावरून दर दहा पावलांवर तीन फेकी करा: एक समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. फिरायला आलेले लोक मागून जात असतात, तेव्हा डोक्यावरून न फेकता खालून झुलवून टाका.

खोली मोजायला फ्लोट सरकवत राहा. फ्लोट बुडाला तर पाणी अधिक खोल आहे, आडवा पडला तर तंगूस जास्त झाला. टोक जेमतेम वर राहिलं की फ्लोटपासून शिशापर्यंतचं अंतर हीच खोली. मग फ्लोट काढून नुसतं शिसं हळूहळू ओढा. खडीवर टकटक हाताला कळते, चिखलात शिसं जड होऊन सरकतं, पाणवनस्पतीत अडकून झटक्याने सुटतं. शिशाच्या बुडाला अंगठ्याच्या नखाएवढा साबण दाबून लावला तर तळाचा नमुनाच वर येतो. वाळू किंवा बारीक खडी चिकटली तर जागा चांगली. काळा गाळ आला आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास असेल, तर तिथे तळाशी प्राणवायू नाही. ती जागा सोडा, आमिष कितीही चांगलं असो. विसर्जन घाटासमोर कापडाचे धागे, काथ्या आणि प्लास्टरचे तुकडे येतात. तिथे पुढे गळ हमखास अडकेल.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. या दिवसांत सकाळी वारा जमिनीवरून येतो आणि दुपारनंतर पश्चिमेकडून समुद्राचा वारा सुटतो. तो वरचं कोमट पाणी आणि तरंगणारं खाद्य पूर्वेच्या काठाला लोटतो, म्हणून दुपारी पूर्वेचा काठ आधी पाहावा. उपवन तलावावर येऊरच्या डोंगरामागे सूर्य लवकर जातो, त्यामुळे पश्चिमेच्या बाजूला सावलीही लवकर पडते. मात्र पूर्वेच्या कोपऱ्यात हिरवा तवंग साचला असेल तर तिथे थांबू नका. अशा पाण्यात रात्रभर प्राणवायू कमी होत जातो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. नवख्याला वाटतं मासा लागणार, पण तो श्वासासाठी धडपडत असतो, खायला आलेला नसतो. त्या वेळी त्याला त्रास देऊ नये.

मासे कुठे आहेत हे बुडबुडे सांगतात. एकाच जागेवरून मोठे बुडबुडे येत असतील तर तो गाळातला वायू. बारीक बुडबुड्यांची रांग पुढे सरकत असेल तर तळ उकरणारा मासा, बहुधा मृगळ. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात चरतो, म्हणून खोलीची नोंद थरांनुसार उपयोगी पडते. मरळ हवा घ्यायला ठरावीक वेळाने वर येते. काठाच्या वनस्पतीजवळ अर्धा तास शांत बसलात तर तिची जागा कळते. उथळ पाण्यात तळाला ताटलीसारखे गोल खड्डे दिसले तर ती तिलापियाची घरटी. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा असेल तर ती नीट दिसतात.

सापडलेल्या जागेची खूण पाण्यावर राहत नाही. समोरच्या काठावरच्या दोन वस्तू, एक जवळची आणि एक लांबची, एका रेषेत येतील असं उभं राहा आणि त्या वहीत लिहा. उदाहरणार्थ, देवळाचा कळस आणि त्यामागच्या इमारतीची टाकी. शिसं पडलं त्या अंतरावर रीलजवळ तंगुसाला रंगीत दोरा बांधा. सोबत तारीख, खोली आणि बांधावरची पाण्याची पातळी लिहाच. एप्रिलमध्ये पाणी अजून उतरेल, तेव्हा खोलीचा आकडा बदललेला असेल. पातळी लिहिलेली असली तर फरक वजा करता येतो, पुन्हा सगळं मोजायला लागत नाही.