तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्त पडतं म्हणूनच येतात का?

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात परदेशी पेशंटचं काम बघते. हे कळलं की लग्नकार्यात हमखास कुणीतरी विचारतं, "एवढं घरदार सोडून ही माणसं इथे का येतात हो? स्वस्त पडतं म्हणूनच ना?"

पैसा आहेच, पण नुसत्या पैशासाठी कुणी आजारी माणसाला विमानात घालत नाही. येमेनमध्ये 2014पासूनच्या युद्धात आरोग्यव्यवस्थाच कोलमडली. लेकराच्या हृदयाला भोक आहे म्हटल्यावर तिथला बाप दरांची तुलना करत बसत नाही, व्हिसा कुठला मिळेल ते बघतो. इंग्लंडात एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, गुडघा फुकट बदलून मिळतो, पण महिनोन्‌महिने थांबावं लागतं. अमेरिकेत दातांचा विमा बहुधा वर्षाला 1,000 ते 1,500 डॉलरवर संपतो. म्हणून तिकडे राहणारी आपल्या बाणेर-औंधची मुलं डिसेंबरात घरी आली की रूट कॅनाल उरकूनच परततात.

पण मग पुणंच का? थेट विमानं तर दिल्ली-मुंबईला जास्त. माझ्या अनुभवात याचं उत्तर बहुतेकदा एक ओळखीचा माणूस असतो. अरब देशांतली मुलं कित्येक वर्षं पुण्यात शिकायला येतायत, कॅम्प, कोंढवा अशा भागांत राहतायत. मामाचे रिपोर्ट आधी अशा भाच्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. खोली तोच शोधतो, ओपीडीत दुभाषाही तोच. डॉक्टर "पाणी झालंय" म्हणाले तसा असाच एक मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "फुप्फुसात की फुप्फुसाच्या बाहेर? नीट कळल्याशिवाय मी मामांना काही सांगणार नाही." बगलेत कॉलेजची फाइल तशीच होती. एवढ्या लहान पोरावर हा भार पडू नये असं मला मनापासून वाटतं. शिकलेला दुभाषा देणं हे हॉस्पिटलचं काम आहे.

खर्चाचा अंदाज लेखी द्यावा, तोही त्यांना वाचता येईल अशा भाषेत. किडनी बदलायची असेल तर दाता नात्यातला असल्याचं दूतावासाचं पत्र लागतं, हे तिकीट काढायच्या आधी फोनवरच सांगायला हवं. नाहीतर माणसं कागदाची वाट बघत इथे भाडं भरत बसतात. आणि शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून जे औषध घ्यावं लागतं, परतल्यावर त्याची रक्तातली पातळी कोण तपासणार, डोस कोण ठरवणार? त्यांच्या गावच्या डॉक्टरांचा नंबर मिळाल्याशिवाय मी ऑपरेशनची तारीख देत नाही.