मॉर्टिस मशीन: फट, काटकोन आणि आतली धार

मॉर्टिस मशीन म्हणजे जोडासाठी लाकडात चौकोनी भोक पाडायचं मशीन. त्यावर जळका वास यायला लागला की बहुतेकजण लाकडाला दोष देतात. साग जुना आहे, आईन कडक आहे, वगैरे. मला हे पटत नाही. वास येतो तो चिझल आणि बिट यांच्यातली फट चुकल्यामुळे, नाहीतर चिझल कारखान्यातून आली तशीच, न पाजवता मशीनला चढवल्यामुळे. कोकणात लांज्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये दारं आणि चौकटी होतात. साग असतो, फणस असतो, किंजळ असतो, कधी जुनं घर मोडून आलेला आईन असतो. नीट लावलेलं एकच मशीन या सगळ्यांत स्वच्छ भोक पाडतं. ते कसं लावायचं हे मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून लिहायला घेतलं.

आधी हे मशीन करतं काय ते बघू. पोकळ चौकोनी चिझल, तिच्या पोटात फिरणारं बिट. बिट गोल भोक पाडतं, उरलेले चार कोपरे चिझल तासते. ढलप्या बिटाच्या पिळातून वर चढतात आणि चिझलच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडतात. मोटार फक्त बिट फिरवते. कोपरे कापायची ताकद हँडल ओढणाऱ्या हाताची असते. म्हणजे चिझल बोथट असेल तर मोटार कितीही मोठी घ्या, खांदा तुमचाच दुखणार.

आधी गोल भोक, मग चौकोन, हा क्रम फार जुना आहे. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या गोदीत 1800 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंजिनियर मार्क ब्रुनेलच्या आराखड्यावरून हेन्री मॉड्स्लेने जहाजाच्या कप्प्या बनवायची मशीनं उभी केली. 1808 मध्ये तिथे वर्षाला 1,30,000 कप्प्या होत होत्या. त्यातही आधी गोल भोक पाडायचे आणि मग वरखाली होणारी पटाशी त्याची लांबट खाच करायची. आमचे अण्णा हातानेही तेच करत. आधी गिरमिटाने भोकं, मग पटाशी आणि मोगरी.

आता फट. बिटाचं टोक चिझलच्या टोकांपेक्षा थोडं खाली हवं. पाव इंची चिझलला साधारण एक मिलिमीटर, चार सुतीला (अर्धा इंच) दीड, सहा सुतीला (पाऊण इंच) दोन किंवा किंचित जास्त. बिटाचं खालचं तोंड पसरट असतं. फट कमी पडली की ते चिझलच्या आतल्या उतारावर घासतं, किंचाळतं, आणि बघता बघता पोलाद निळं पडतं. निळ्या पडलेल्या भागाचं पाणी उतरलेलं असतं, तिथे धार टिकत नाही. उलट फट फार मोठी ठेवली तर जाड ढलप्या निघतात आणि चिझलच्या पोटात अडकतात, शिवाय भोकाच्या तळाला बिटाचा खड्डा खोल उतरतो.

ही फट डोळ्याने ठरवू नका. एक रुपयाचं नाणं घ्या, ते साधारण दीड मिलिमीटर जाड असतं. चिझल बुशमध्ये, म्हणजे तिला धरणाऱ्या नळीत घालायची, तिचा खांदा (वरच्या दांड्याखालची रुंद कड) आणि बुश यांच्यामध्ये नाणं धरायचं आणि चिझलचा स्क्रू हलकेच आवळायचा. मग बिट खालून वर सरकवायचं, चिझलच्या तोंडाला टेकेपर्यंत, आणि बिट धरणारा चक पक्का करायचा. आता चिझलचा स्क्रू सैल करून नाणं काढायचं, चिझल खांद्यापर्यंत वर दाबायची आणि घट्ट करायची. नाण्याच्या जाडीइतकी फट आपोआप मिळते. मशीन चालू करण्याआधी प्लग काढून चक हाताने फिरवून बघायचा. कुठेही खरखर लागली तर पुन्हा पहिल्यापासून.

चिझल घट्ट करताना दुसरी गोष्ट साधायची असते, ती म्हणजे फेन्सशी, लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीशी, समांतर. फेन्स पुढे आणून चिझलच्या सपाट बाजूला भिडवायची आणि मागे पांढरा कागद धरून उजेडाची रेघ दिसते का ते बघायचं. एका कडेला उजेड आणि दुसरीकडे अंधार म्हणजे चिझल फिरलेली आहे. हे जमलं नाही तर लांब भोकाच्या भिंतींना पायऱ्या पडतात आणि कुसू (भोकात बसणारी लाकडाची जीभ) त्या पायऱ्यांच्या टोकांवरच टेकतो. बाहेरून जोड घट्ट वाटतो, पण आत सरसाला धरायला सपाट पृष्ठभागच नसतो. अशी दारं दोन पावसाळ्यांत खुळखुळायला लागतात. रद्दी लाकडावर तीन-चार भोकं सलग मारून भिंतीवरून नख फिरवा. नख अडलं की चिझल पुन्हा फिरवायची.

टेबलाचा काटकोनही बघायचा, पण गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) नुसता चिझलला लावून नाही. चांगली चिझल टोकाशी किंचित रुंद आणि वर निमुळती असते, त्यामुळे गुण्या फसवतो. त्यापेक्षा गुण्या टेबलावर उभा करा, हेड (हँडलने उतरणारा वरचा भाग) वरखाली करा आणि चिझलच्या टोकाचं पात्यापासूनचं अंतर बदलतं का ते पाहा. समोरून एकदा, बाजूने एकदा. आणि भोक मध्यावर आहे की नाही यावर फार जीव टाकू नका. प्रत्येक पट्टीची दर्शनी बाजू खूण करून कायम फेन्सकडेच ठेवली, तर भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलं तरी सगळी भोकं एकाच रेषेत येतात. दाराला तेच लागतं.

धारेच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. नवी चिझल बॅटरीच्या उजेडात आतून बघा. आतल्या उतारावर लेथच्या गोल गोल रेघा दिसतील. या प्रत्येक रेघेचं टोक धारेवर येऊन एक बारीक खाच करतं. म्हणजे ती धार नाहीच, ती बारीक करवत आहे. सागात सिलिका असते, अशा धारेचा ती लवकर फडशा पाडते.

आतल्या उताराला शंकूच्या आकाराचं धारेचं हत्यार मिळतं, खाली चिझलच्या भोकात बसणारा पायलट, म्हणजे गोल दांडा, असलेलं. शंकूचा कोन चिझलच्या कोनाशी जुळतो का ते आधी तपासायचं. आतल्या उतारावर मार्कर पेनने शाई फासा, शंकू दोन वेढे फिरवा आणि शाई कुठून गेली ते बघा. धारेजवळची गेली असेल किंवा सगळीकडून सारखी गेली असेल तर ठीक. फक्त आतल्या बाजूची गेली तर तो शंकू त्या चिझलचा नाही. चिझल वाइसमध्ये उभी धरून, तेलाचा एक थेंब टाकून, शंकू हाताने फिरवायचा. ड्रिलला लावून कधीच नाही. दाब हलका. चारही कडांवर बाहेरून बोट फिरवलं की बर, म्हणजे घासल्याने वळलेली पोलादाची बारीक कड, लागायला हवी. ती चारही बाजूंना आली की थांबायचं, कारण पुढे घासलेलं सगळं पोलाद वाया. चिझलची चार टोकं लाकडाला सगळ्यात आधी लागतात, पण शंकू आतल्या कोपऱ्यात नीट पोचत नाही. तिथे बारीक तिकोनी कानशीने एक-दोन हात मारायचे.

बर काढायला चिझलच्या बाहेरच्या बाजू हजार नंबरच्या दगडावर सपाट टेकवून दोन-तीनदाच ओढायच्या. इथे हात आवरता आला पाहिजे. चकाकी येते म्हणून माणसं बाहेरून घासतच राहतात. टोकाची ती किंचित जास्त रुंदी गेली की चिझल स्वतःच पाडलेल्या भोकात जाम होते आणि बाहेर काढताना लाकूडच उचलते.

बिटालाही धार लागते हे बरेच जण विसरतात. कडेचा टोकदार काटा फक्त आतून घासायचा. बाहेरून कानस लागली की भोकाचा व्यास कमी होतो आणि चिझलवर जास्तीचा भार येतो. आडवी कापणारी ओठं दोन असतील तर दोघांना सारखेच हात मारायचे, नाहीतर एकच ओठ काम करतं.

आमचे तात्या मिस्त्री फट मोजत नाहीत, आवाज ऐकतात. बरोबर लागलेलं मशीन लाकडात शिरताना जाड, भरीव आवाज करतं आणि खिडकीतून ढलप्या सुट्या पडतात. फणसाचा पिवळा भुसा पिठासारखा यायला लागला की ते मशीन बंद करतात. एकदा मी किंजळात हँडलवर अंगाचा भार टाकत होते, तर मागून म्हणाले, “बाय, लटकू नको. उतरत नाय तर काढ बाहेर, धार बघ.” तेव्हापासून नव्या पोरांनाही मी हेच सांगते.

भोक मारायचा क्रमही धारेइतकाच महत्त्वाचा. आधी दोन्ही टोकांची भोकं, मग मधे चिझलच्या रुंदीपेक्षा थोडी कमी जागा सोडत एकआड एक, आणि शेवटी उरलेले खांब. सलग शेजारीशेजारी मारत गेलं की चिझलच्या एका बाजूला आधार राहत नाही, ती मोकळ्या बाजूला वाकते, आणि पाव इंची असेल तर मोडते. ढलप्यांची खिडकी भोकाच्या लांबीच्या दिशेला ठेवायची, आधी मारलेल्या भोकाकडे. फेन्सकडे ठेवली की ढलप्या कोंडतात. खोल भोक एका दमात नको. थोडं उतरा, बाहेर काढा, ढलप्या पडू द्या, पुन्हा उतरा. वरची दाबपट्टी लाकडाला टेकलेलीच हवी.

मोटारीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे 50 हर्ट्‌झवर चार पोलची मोटार मिनिटाला साधारण 1440 फेरे देते, आणि मोठ्या चिझलला तेच योग्य. 2880 फेऱ्यांच्या मोटारीवर सहा सुती चिझल चढवू नका, काटा पहिल्याच चौकटीत काळा पडतो.

आणि कोकणातल्या लोकांसाठी खास. पावसाळ्यात बिट चिझलच्या आत ठेवून मशीन बंद करू नका. आत अडकलेला भुसा ओल धरून ठेवतो, आणि गंज नेमका त्या आतल्या उतारावर चढतो जिथे आपण एवढी मेहनत घेतलेली असते. रोज संध्याकाळी दोन्ही काढा, ब्रशने चिझलचं पोट साफ करा, मशीन ऑइलचा बोळा आरपार ओढा आणि प्रत्येक चिझल तिच्याच बिटाबरोबर वेगवेगळ्या कापडात गुंडाळा. जोड्या एकदा मिसळल्या की पुढच्या वेळी नाण्याची फटही चुकते.