रोटी येते, बसा

नागपुरातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा, शहर संपता संपता पाट्या सुरू होतात. 'चुलीवरचे जेवण'. त्याखाली 'घरगुती', 'गावरान', 'सावजी', आणि जागा उरली असेल तर 'फॅमिलीसाठी वेगळी सोय'. पाटीवर माझा विश्वास नाही. मी आधी मागच्या अंगाला जाऊन बघतो. तिथं तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरी-कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, ढीग रचलेला असला, भिंत धुरानं काळी पडलेली असली आणि चुलीच्या तोंडाशी आजची राख असली, की बसायला हरकत नाही. कोपऱ्यात गॅसचं सिलिंडर दिसलं तरी चालतं, चहाला ते लागतंच. पण चूल थंडगार आणि तिच्यावर शोभेची पितळी घागर, असा थाट दिसला की गाडी पुढे काढायची.

कळमेश्वरहून धापेवाड्याकडे जाताना, विठ्ठलाच्या देवळाच्या बऱ्याच अलीकडे, असं एक ठिकाण आहे. शेतातच टिनाचा शेड, पुढे कडुनिंब, मागे संत्र्याची बाग. डिसेंबर असला तर खुर्च्या झाडाखालून उन्हात सरकलेल्या असतात. मालक गल्ल्यावर. गल्ला म्हणजे शाळेतला जुना डेस्क. मालकीणबाई रश्शाचं बघतात, मोठा पोरगा वाढतो, पोट्टी हिशेब ठेवते. आणि चुलीपुढे मालकाची म्हातारी आई लंबी रोटी करते. बाकीचे चौघं कितीही हुशार असोत, दुकान चालतं ते म्हातारीच्या वेगानं. चूल एक, मडकं एक, आजी एक. आणि रविवारी बाहेर टेबलं सगळी भरलेली.

लंबी रोटी ज्यांनी होताना पाहिली नाही त्यांना तिची वाट बघण्यातलं सुख कळणार नाही. गव्हाचं पीठ, त्यातही लोकवन असेल तर उत्तम, आधी मळतात आणि मग पाणी शिंपडत शिंपडत परातीत आपटत राहतात. आपटून आपटून ते इतकं सैल होतं की पोळीवाल्या बाईनं बघितलं तर म्हणेल, पीठ बिघडलं. पण ते लोंबतं, तुटत नाही. आजी त्यातला गोळा उचलते, या हातावरून त्या हातावर टाकते, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. गोळा लांबत लांबत मनगट सोडून कोपराकडे निघतो. ओल्या दुपट्ट्यासारखी ती रोटी हातांवर लोंबायला लागली, की एका झटक्यात चुलीवरच्या उपड्या मडक्यावर जाते. कडा बोटांनी ओढून सारख्या करायच्या, फोड आले, तपकिरी ठिपके पडले, की उचलायची आणि घडी घालून टोपलीत. मग पुढची. दोन रोट्या एका वेळी होत नाहीत, कारण मडक्याला पाठ एकच असते.

आमच्या मेहुण्याला हे पटत नाही. तो समृद्धी महामार्गाचा माणूस आहे. मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता, ताशी १२० ची मर्यादा, मध्ये गाव नाही, सिग्नल नाही, बैल नाही, आणि रस्त्याच्या कडेला वाट्टेल तिथं थांबून जेवावं म्हटलं तर तेही नाही. त्या रस्त्याचं कौतुक मलाही आहे. पण तिथून आलेला माणूस ताटापुढे बसला तरी त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरच असतो.

"भाऊ, रोटीला किती वेळ?" त्यानं विचारलं.

"येऊनच राहिली नं दादा, बसा नं आरामात," पोरगा म्हणाला.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा चुलीकडून उत्तर आलं, "घाई असन त पाव खा न बाप्पा."

पाव अर्थातच तिथं मिळत नाही.

रोटी येईपर्यंत समोर कांदा, लिंबू, मिरचीचा ठेचा आणि मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा येतात. शेंगांना पैसे लावत नाहीत. त्या सोलत बसल्यावर घरातल्या अशा गोष्टी निघतात ज्या घरात निघत नाहीत. आईनं, म्हणजे माझ्या आईनं, आमच्या मोठ्या मावशीचं लग्न कसं मोडता मोडता राहिलं, ते पहिल्यांदा त्या शेंगांवर सांगितलं. मेहुणाही ऐकत बसला. घड्याळ बघायला त्याचे हात मोकळे नव्हते.

मटण हवं असेल तर सकाळीच फोन करावा लागतो. काही लोक नागपुरातल्या इतवारीतून मटण घेऊनच येतात, आणि इथं किलोमागे फक्त बनवण्याचे पैसे देतात. या भागातल्या बऱ्याच ढाब्यांवर ही पद्धत आहे आणि मला ती फार सभ्य वाटते: माल तुमचा, हात आमचा, चव बिघडली तर भांडायला दोघंही मोकळे. रस्सा सावजी वळणाचा, काळपट, वर तर्री. सावजी म्हणजे मुळात हलबा कोष्ट्यांच्या, विणकरांच्या घरातलं जेवण. पूर्वी ते जवसाच्या तेलात व्हायचं. त्यात खसखस, सुकं खोबरं, धणे, दगडफूल असं बरंच काही भाजून वाटलेलं असतं आणि तिखट त्यांच्या मागून येतं. हल्ली शहरात काही ठिकाणी तिखटच पुढे येतं आणि मागून कोणीच येत नाही. व्हिडिओत नाक पुसत 'आग आहे आग' म्हणणाऱ्या पोरांसाठी ते ठीक आहे. जेवायला आलेल्या माणसाचं त्यात भागत नाही. या बाईंच्या रश्शानं नाक वाहतं, नाही असं नाही, पण तिसऱ्या घासाला मसाल्यातलं खोबरं ओळखू येतं.

आईला मटण चालत नाही. तिच्यासाठी पाटवडी. बेसन तिखट-हळद-जिऱ्याच्या फोडणीत शिजवून ताटलीत थापायचं, वर खोबरं-सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) पेरायचं, चौकोनी वड्या पाडायच्या. रस्सा तोच, मटणाशिवाय. वडी रश्श्यात कधी सोडायची यात सगळी कला आहे. आधी सोडली तर विरघळून पिठलं होतं. इथं वड्या वेगळ्या ताटलीत येतात आणि रस्सा वाटीत. ज्याचं त्यानं ठरवावं. आई एकेक वडी बुडवून खाते आणि प्रत्येक वेळी म्हणते की आपल्याकडची जरा मऊ असते. आमच्याकडे पाटवडी झाल्याला किती वर्षं झाली, हा विषय तिथं काढायचा नसतो.

वडाभात मात्र पाटीवर असूनही मिळत नाही. डाळींचे वडे गरम, भात गरम, वरून हिंग-लाल मिरचीचं कडकडीत तेल, बाजूला कढी; यातलं एकही थांबून राहत नाही. "चार जणांची ऑर्डर असली तं करतो," मालक म्हणाला. आणि मग स्वतःहून, "पुढच्या रविवारी आमच्या घरीच आहे, या." आमंत्रण खरं होतं की धंद्याचं, ते मला अजून कळलेलं नाही. अशा ठिकाणी दोन्हींतला फरक त्यांनाही माहीत नसावा.

जेवण झाल्यावर कोणी उठवत नाही. बाज टाकलेली असते. मी तिच्यावर आडवा झालो, बायको मालकीणबाईंबरोबर बागेत गेली. परत आली तेव्हा तिच्या पदरात चार संत्री आणि डोक्यात बरीच माहिती होती. या अंगाच्या झाडांचं पाणी तोडलंय, ताणावर आहेत, मग आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा मोहोर, धरेल. त्या अंगाच्या झाडांवर मृगाची, म्हणजे पावसाळ्याच्या मोहोराची, फळं आहेत, ती फेब्रुवारी-मार्चला निघतील. मग ही चार कुठली, असं मी विचारलं. आंबियाची शेवटची, घरच्यांसाठी ठेवलेली. पैसे घेतले नाहीत म्हणे.

हिशेबाला पोट्टी वही घेऊन आली. मटण एवढं, पाटवडी दोन, कढी, भात. "रोट्या किती?"

"आठ," मेहुणा म्हणाला. त्यानं मोजल्या होत्या.

"नऊ," चुलीकडून आवाज आला. आजीची पाठ आमच्याकडे होती आणि मान मडक्यावर.

पोट्टीनं न विचारता नऊ लिहिले. मेहुण्यानं नऊचेच पैसे दिले, पण नववी कोणी खाल्ली यावर गोरेवाडा येईपर्यंत गाडीत चौकशी चालली. आईनं तेवढा वेळ डोळे मिटून घेतले होते.