खवा हाय का विडा?

मक्याचा स्टार्च, पाणी, ग्लिसरीन. उकळत आलं की कपड्यांना घालतात त्या खळीसारखं दिसतं. त्यात लवंगतेल घोटायचं, काचेवर पातळ ओतायचं, वाळलं की सोलायचं. इतकीच माझी फिल्म. पहिली ग्लिसरीनशिवाय केली होती, ती परभणीच्या मे महिन्यात पापडासारखी तडकली. खवा बांधायला प्लास्टिकऐवजी ही वापरायची. फेकली तर मातीत कुजेल, आणि लवंगेतलं युजेनॉल बुरशीला आवरेल, असा माझा प्रोजेक्ट.

पेट्री डिशमध्ये तर कमालच झाली. सगळीकडे बुरशी माजलेली आणि फिल्मच्या चकतीभोवती रुपयाच्या नाण्याएवढं स्वच्छ रिंगण. फोटो लगेच स्टेटसला. (घाई झाली.)

मग भूमजवळ, मामांच्या खव्याच्या भट्टीवर चार गोळे फिल्ममध्ये ठेवले, चार साध्या प्लास्टिकमध्ये. फ्रीज नाही. पाचव्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले. मामा कढईत उलथनं फिरवत होते.

प्लास्टिकमधल्या गोळ्यांवर हिरवट ठिपके होतेच. माझ्या तिघांवरही होते, जरा कमी. शिवाय फिल्म खव्यातलं पाणी पिऊन इतकी मऊ पडलेली, की सोलताना नखाखाली लगदा आला.

कारण कढईशीच उभं राहून कळलं. खव्याच्या कोरड्या भागात किमान 30 टक्के दुधाचं फॅट हवं असा नियमच आहे. युजेनॉल पाण्यापेक्षा तेलातुपात जास्त रमतं. ते तिकडं मुरलं, बुरशी ज्या ओलाव्यावर वाढते तिथं फारसं उरलंच नाही. डिशमधल्या अगारात, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीत, फॅट कुठून असणार? हे मी परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं!

मामांनी बरा राहिलेला गोळा नाकाशी नेला.

"पोरी, ह्याला लवंगेचा वास यायलाय. खवा हाय का विडा?"

"थोडा येणारच, मामा."

"पेढेवाला घेईल का?"

मी गप्प. मामा पुन्हा कढईकडं वळले. "आमचे बाबा पळसाच्या पानात बांधून नेत व्हते. पण त्याच दिवशी इकून मोकळे."

परतताना एसटीत डाळिंबाची साल सुचली. तिच्यातलं तुरट टॅनिनही बुरशीला आवरतं, पण ते पाण्यात उतरतं, तुपाकडं पळत नाही, आणि वासाची कटकट नाही. स्टँडवरच्या ज्यूसवाल्याकडून पिशवीभर साली मागून घेतल्या. रात्री मामांना फोन केला, तर पहिलाच प्रश्न, "रंग उतरतो का गं तिचा?"

उतरतो. चांगला पिवळा.