सुट्टीत दगड बघायला कोण जातं? आम्ही!
उदयपूरला आलेली सगळी पब्लिक पिछोला तलावावर आणि मी घरच्यांना गाडीत कोंबून जवळच्या झामरकोटडा गावाला नेलं, पोरगं म्हणे बाबा हे नुसते दगड आहेत 😄 अरे हो, पण साधारण 180 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्म जीवांचे चिकट थर गाळ पकडत पकडत एकावर एक चढत गेले ना, त्याचे हे स्ट्रोमॅटोलाइट, कोबी मधोमध कापल्यावर दिसतात तशा रेघा. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर जेमतेम साडेसहा कोटींचा, म्हणजे ह्यांच्यापुढे शेंबडं पोर! आणि ह्याच दगडात फॉस्फेट आहे म्हणून शेजारी एवढी मोठी खाण, काका उसाला सुपर फॉस्फेट टाकतात ते असल्याच दगडापासून बनतं. बायको अजून बोलत नाहीये, उद्या बोटिंग फिक्स.