टेबलाखालचे तीन रविवार : माझा अनुभव

भाचीच्या शाळेत घरी बनवलेल्या पपेटचा दोन मिनिटांचा व्हिडिओ द्यायचा होता, ताई म्हणाली तूच कर बाबा, तुला असल्या गोष्टींची हौस. मी हो म्हणून बसलो कारण अमेरिकेतल्या जिम हेन्सनचे मपेट्स, म्हणजे टीव्हीवरच्या त्याच्या बाहुल्या, मी वेड्यासारखे बघितलेत आणि वाटलं हातात तर घालायचंय, त्यात काय एवढं.

बनवणं त्यातल्या त्यात सोपं. हेन्सनने १९५५ ला पहिला कर्मिट (त्याचा तो प्रसिद्ध बेडूक) बनवला तो आईच्या टाकून दिलेल्या कोटाचा, डोळे म्हणजे पिंगपाँगच्या बॉलचे दोन अर्धे (आणि तेव्हा तो बेडूक नव्हताच, नुसताच कायतरी निळसर-हिरवट प्राणी). मीही माझ्या बेडकासाठी आईचा जुना स्वेटर घेतला, कात्री लावली तर तो उसवतच सुटला, वर तो 'जुना' नव्हता असं नंतर कळलं. मग फाटकं फ्लीसचं पांघरूण, सोफावाल्याकडून फोमचा तुकडा आणि तोंडाला वहीचा पुठ्ठा. डोळ्यांत मात्र अर्धा दिवस गेला. बुबुळं बरोब्बर मधोमध काढली तर बेडूक भिंतीकडे बघत बसलेला वाटायचा. हेन्सनकडे डॉन साहलिन म्हणून बाहुल्या करणारा माणूस होता, त्याची ट्रिक म्हणजे बुबुळं जराशी नाकाकडे सरकवायची. तसं केलं आणि ते ध्यान एकदम माझ्याकडे बघायला लागलं, मी दचकलोच.

खरी मजा शूटिंगला. आपल्याकडे रामदास पाध्ये अर्धवटरावांना घेऊन समोर बसतात, माणूस पण दिसतो आणि बाहुला पण. हेन्सनने उलटं केलं, बाहुल्यांसाठी वेगळा छोटा स्टेजच नको, टीव्हीची चौकट हाच स्टेज, माणूस चौकटीच्या खाली आणि नजर मॉनिटरवर, म्हणजे प्रेक्षकाला दिसतं तेच आपल्यालाही दिसतं. ऐकायला भारी. मी टेबलाखाली बसून मोबाईल टीव्हीला वायफायने जोडला तर चित्र उशिरा यायचं, बेडकाचं वाक्य संपलं तरी टीव्हीत तोंड चालूच. शेवटी भावजींचा जुना हँडीकॅम काढला, वायरने जोडला, तेव्हा जमलं. पण ते चित्र आरशासारखं नसतं ना! हात डावीकडे नेला की बेडूक उजवीकडे जातो, पहिला पूर्ण रविवार बेडूक फ्रेमच्या बाहेर पळत होता आणि मी त्याला परत आणायला म्हणून आणखी बाहेर नेत होतो.

मग तोंड. नवशिका चार बोटं वर उचलतो, त्याने डोकं मागे पडतं आणि बाहुली आभाळाकडे बघून बोलते. बोटं जागच्या जागी ठेवून अंगठा खाली न्यायचा. आणि शब्द सुरू होताना तोंड उघडायचं, बंद नाही करायचं, नाहीतर बाहुली शब्द चावून खातेय असं दिसतं. मी स्क्रिप्ट वाचत अक्षरागणिक तोंड उघडत होतो, 'करतोय' ला चार वेळा! मोठ्याने बोलून बघितलं तर कर-तोय, दोनच. तेव्हापासून कागद फेकला आणि कानाने करायला लागलो.

खांदा मात्र भरून आला, दोन मिनिटं हात वर धरून बघा म्हणजे कळेल. सोमवारी शर्ट घालताना बायकोला हाक मारावी लागली. हेन्सनचा 'सॅम अँड फ्रेंड्स' हा बाहुल्यांचा कार्यक्रम पाच मिनिटांचा असायचा आणि पठ्ठ्याने तो वॉशिंग्टनच्या लोकल चॅनलवर १९६१ पर्यंत चालवला, सुरू केला तेव्हा वय पुरतं १९ पण नव्हतं.

तिसऱ्या रविवारी बाविसावा टेक बरा झाला. त्यात खाली कोपऱ्यात माझं टक्कल थोडं दिसतंय, मी परत करू म्हटलं तर ताई म्हणाली राहू दे, तळ्यातला दगड वाटतोय.