तुम्ही विचारलेत म्हणून: मास्टर कारखान्याकडे कसा पाठवावा?

अल्बमचे काम हातावेगळे होत आले की बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: मास्टर (ज्यावरून सगळ्या प्रती निघतात ती अंतिम आवृत्ती) डिस्क छापणाऱ्या कारखान्याला लिंकने पाठवू, सीडी राइट करून कुरियर करू, की सरळ हार्ड डिस्कच देऊ? विचारणाऱ्याचे लक्ष वाटेवर असते आणि माझे पोहोचल्यानंतरच्या तपासणीवर. आलेली फाइल निघालेल्या फाइलशी बाइटला बाइट जुळते की नाही, हे कारखान्यातल्या माणसाला स्वतः ताडून पाहता येत असेल, तर ती कोणत्याही वाटेने पाठवा; तशी सोय नसेल, तर मी स्वतः नेऊन दिलेल्या डिस्कचीही मला खात्री वाटत नाही.

हा कडकपणा कामाच्या स्वरूपामुळे येतो. रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे साच्यातून डिस्क काढण्याच्या पद्धतीत, आधी काचेचा मास्टर तयार होतो, त्यावरून निकेलचा स्टँपर निघतो आणि त्या साच्यात पॉलिकार्बोनेटच्या हजारो डिस्क पडतात, त्यामुळे मास्टरमधली खोट पहिल्या प्रतीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत इमानेइतबारे उमटते. कारखान्याने मिळाले तेच छापलेले असते, म्हणून फेरछपाईचा भुर्दंडही बहुधा आपल्यालाच बसतो.

सर्वांत आधी मी ऑडिओ सीडी राइट करून पाठवण्याचा पर्याय बाद करतो. ऑडिओ सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका कप्प्यात, २३५२ बाइट असतात आणि ते सगळेच आवाजासाठी खर्च होतात. डेटा डिस्कवर मात्र त्यांतले २०४८ बाइटच माहितीला मिळतात व उरलेल्या जागेत चूक ओळखण्याची आणि दुरुस्त करण्याची जादा तजवीज असते. त्यामुळे ऑडिओ सीडीवर दुरुस्तीपलीकडचा ओरखडा आला की प्लेयर शेजारच्या नमुन्यांवरून (आवाजाच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांवरून) अंदाज बांधून मधली जागा भरतो आणि पुढे जातो. ऐकणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे.

म्हणून सीडीसाठी मी डीडीपी, म्हणजे डिस्क डिस्क्रिप्शन प्रोटोकॉल, या स्वरूपातला मास्टर पाठवतो. पूर्वी तो आठ मिलिमीटरच्या एक्साबाइट टेपवर जात असे. आता तो एक साधा फोल्डर असतो, ज्यात आवाजाची एक मोठी इमेज (सगळा आवाज सलग साठवलेली फाइल), गाणी कुठे सुरू होतात व संपतात ते सांगणारी छोटी फाइल, आणखी दोन-तीन वर्णनाच्या फाइली आणि चेकसम (फाइलच्या बाइटांवरून काढलेला, ताडून पाहण्यासाठीचा छोटा आकडा) असतो. आवाजाला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागत असल्याने तासाभराच्या अल्बमची इमेज सुमारे ६३५ एमबीची होते, जी आज अपलोड करायला जड नाही. (७४ मिनिटांचा अल्बम असेल तर इमेज ७८३ एमबीच्या आसपास जाते आणि डेटा म्हणून ७०० एमबीच्या सीडीवर मावत नाही, ज्यांना डिस्कच पाठवायची हौस आहे त्यांनी ती डीव्हीडीवर राइट करावी.) पाठवण्यापूर्वी फोल्डर मी स्वतः झिप करतो, कारण सुट्या फाइलींतली एखादी मागे राहते, शिवाय झिपमध्ये प्रत्येक फाइलचा सीआरसी, म्हणजे असाच एक पडताळणीचा आकडा, नोंदलेला असतो, त्यामुळे तुटका डाउनलोड उघडतानाच तक्रार करतो.

वाट म्हणून कारखान्याचे स्वतःचे अपलोड पान किंवा एसएफटीपी (फाइली सुरक्षितपणे पाठवण्याची सोय) मला बरे वाटते, विशेषतः मध्येच तुटलेले अपलोड तिथूनच पुढे सुरू होत असेल तर. जुने एफटीपी वापरणे भागच पडले, तर ते बायनरी मोडवर, म्हणजे फाइल जशीच्या तशी पाठवण्यावर, आहे याची खात्री करावी. टेक्स्ट मोडमध्ये ओळ संपल्याच्या खुणा समजून काही बाइट घातले किंवा गाळले जातात, आणि एका चॅनेलचा एक नमुना दोन बाइटांचा असल्याने एक बाइट जरी सरकला तरी तिथून पुढे संगीताच्या जागी नुसती खरखर ऐकू येते. फाइलचा आकार मात्र वरवर पाहता तेवढाच दिसतो.

चेकसमवर माझा एवढा भर पाहून तो सर्व रोगांवरचा उपाय आहे असे वाटेल, म्हणून माझी एक फजिती सांगतो. एकदा मी डीडीपी आधी बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवला आणि मग त्या प्रतीवरून एमडी५ हा चेकसम काढला. कारखान्याकडून आलेली बत्तीस अक्षरे माझ्या बत्तीस अक्षरांशी तंतोतंत जुळली. संध्याकाळी सहज म्हणून तीच प्रत ऐकायला बसलो, तर सातव्या गाण्याच्या मध्यावर बारीक ‘टक्’ असा आवाज आला, जो मूळ फाइलमध्ये नव्हता. प्रत काढतानाच ती बिघडली होती आणि मी बिघडलेल्या फाइलचाच दाखला तयार केला होता. काचेचा मास्टर अजून कापला जायचा होता म्हणून वाचलो. तेव्हापासून जो डीडीपी पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकला, त्याचाच चेकसम जागच्या जागी काढतो आणि तो फाइलसोबत न ठेवता वेगळ्या ईमेलने पाठवतो.

डीव्हीडी आणि ब्लू-रेचे गणित आकारामुळे बदलते. ५० जीबीचा मास्टर सेकंदाला २० मेगाबिटच्या अपलोडने चढवायला, काहीही अडथळा न येता, साडेपाच तास लागतात. अशा वेळी मी दोन हार्ड डिस्क घेतो, एक कुरियरने पाठवतो आणि दुसरी कपाटात ठेवतो. डिस्क एफएटी३२ या फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेली नसावी, कारण तिथे ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. ब्लू-रेसाठी कोणते स्वरूप चालेल हे काम सुरू करण्याआधीच कारखान्याला विचारावे, कारण तिथे एएसीएस या नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाचे परवाने आणि कटिंग मास्टरचे (कारखान्यात मास्टर कापण्यासाठी द्यायच्या फाइलींचे) स्वतंत्र स्वरूप आड येते, आणि घरी राइट केलेली डिस्क सहसा स्वीकारली जात नाही.

‘फाइल मिळाली’ एवढ्या उत्तरावर मी थांबत नाही. त्यांच्या यंत्रावर त्यांनी काढलेला चेकसम लिहून मागतो. सीडीचा तयार माल आला की त्यातली एक डिस्क संगणकावर उतरवतो. ड्राइव्हच्या वाचण्याच्या सवयीमुळे आवाज काही नमुने मागे-पुढे झालेला असतो, तो सरळ जुळवून डीडीपीतल्या आवाजातून वजा करतो, आणि बाकी संपूर्ण शांतता उरली की मगच माझ्याकडे राखलेली प्रत दुसऱ्या कामासाठी मोकळी करतो.